नागपूर ते रामटेक एवढं लांब यान आणि वाचकांचे दोन तट

आर्थर सी. क्लार्क यांची 'रॉन्देव्हू विथ रामा' ही कादंबरी १९७३ साली आली. विज्ञानकथांच्या जगात सगळ्यांत जास्त मान असलेले ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही पुरस्कार तिने मिळवले. पन्नास वर्षं उलटली तरी ती छापली जाते, वाचली जाते. पण ती वाचलेली चार माणसं एकत्र बसली की दोन तट पडल्याशिवाय राहत नाहीत. आमच्या धंतोलीतल्या वाचनगटातही तेच झालं.

एका तटाचं म्हणणं बी.कॉम.ला असलेल्या एका पोराने अस्सल नागपुरीत मांडलं. "मी वाचून राहिलो, वाचून राहिलो, पण काही होऊनच नाही राहिलं ना भाऊ!" त्याची तक्रार खोटी नव्हती. एक बॉम्बचं प्रकरण सोडलं तर पुस्तकात मारामारी नाही. परग्रहवासी एकदाही तोंड दाखवत नाहीत. कमांडर एका परक्या यानात येतो, जागा बघतो, नोंदी करतो आणि निघून जातो. दुसऱ्या तटाचे म्होरके होते कोळसा खाणीत सर्व्हेअर म्हणून आयुष्य काढलेले एक काका. त्यांनी पुस्तक संपवलं आणि लगेच पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतलं. "काही होत नाही म्हणतोस? अरे, पानोपानी होतंय," असं ते त्या पोराला पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि त्याला ते दिसत नव्हतं.

मला वाटतं, या भांडणात आवडीनिवडीचा भाग थोडा आहे आणि भौतिकशास्त्राचा मोठा. या कादंबरीत घटना माणसं घडवत नाहीत, जागा घडवते. ती जागा कोणत्या नियमांनी चालते हे डोक्यात बसलं की साधं वर्णन वाटणारी वाक्यं घटना होऊन जातात. नाही बसलं तर खरोखरच काही घडत नाही. म्हणून ते नियम इथे सोपे करून सांगतो. कथेतल्या बऱ्याच गोष्टी, शेवटासकट, पुढे उघड होणार आहेत. पुस्तक कोरं वाचायचं असेल तर आधी वाचून या.

गोष्ट अशी. साल २१३१. गुरूच्या पलीकडे एक वस्तू दिसते. आधी सगळे तिला लघुग्रह समजतात. ग्रीक आणि रोमन देवांची नावं तोवर देऊन संपलेली असतात, खगोलशास्त्रज्ञ हिंदू देवतांकडे वळलेले असतात, म्हणून तिचं नाव पडतं रामा. मग लक्षात येतं की ही वस्तू स्वतःभोवती फारच जोरात फिरते आहे. जवळ जाऊन काढलेल्या छायाचित्रांत दिसतो एक काटेकोर दंडगोल. म्हणजे तो कुणीतरी बनवलेला आहे. कमांडर नॉर्टन यांचं 'एंडेव्हर' हे एकच जहाज त्याला गाठू शकेल इतकं जवळ असतं. ते जातात, रामाच्या टोकावर उतरतात, आत शिरतात. आत मिट्ट काळोख आणि शांतता.

आधी या दंडगोलाचं माप डोळ्यांसमोर आणू. लांबी ५० किमी. एक टोक सीताबर्डीत टेकवलं तर दुसरं रामटेकला पोचतं. बाहेरून व्यास २० किमी, आतली पोकळी १६ किमी. म्हणजे सीताबर्डी ते कामठी एवढं अंतर, पण उभं, डोक्यावर. आतल्या भिंतीवर चारी बाजूंनी 'जमीन' आहे. तुम्ही उभे राहून वर बघितलं तर १६ किमीवर दुसरी जमीन उलटी दिसणार, आणि तिथे कुणी उभं असेल तर त्याला तुम्ही उलटे दिसणार. आतला घेर काढला तर तोही सुमारे ५० किमी येतो. म्हणजे ही भिंत कापून सपाट पसरली तर ५० बाय ५०, साधारण अडीच हजार चौरस किमी जमीन होते. नागपूर जिल्ह्याच्या जवळजवळ चौथा हिस्सा. एवढा मुलूख, आणि तो पाहायला मूठभर माणसं आणि थोडे आठवडे.

आता मुख्य प्रश्न. भिंतीवर माणसं चालतात कशी?

पृथ्वीवर आपल्याला वजन आहे, कारण पृथ्वीचं प्रचंड वस्तुमान आपल्याला खेचतं आणि जमीन मध्ये येऊन अडवते. रामाचं वस्तुमान पृथ्वीपुढे काहीच नाही, त्याच्याकडून असं खेचलं जाणं जवळजवळ शून्य. पण तो दर ४ मिनिटांनी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो, आणि सगळी जादू त्या फिरण्यात आहे. जत्रेतला मौत का कुआं आठवा. मोटारसायकलवाला लाकडी भिंतीवर आडवा होऊन गरगर फिरतो आणि खाली पडत नाही. त्याचं शरीर दर क्षणी सरळ रेषेत निघून जाऊ पाहत असतं, भिंत त्याला आत वळवत राहते, आणि भिंतीचा तो रेटा त्याला वजनासारखा जाणवतो. तिथे माणूस फिरतो आणि भिंत स्थिर असते. रामात भिंतच फिरते आणि तिच्यावर उभ्या असलेल्या माणसाला बरोबर घेऊन जाते. पायाखाली दाब लागतो, म्हणून 'खाली' म्हणजे भिंतीकडे, आणि 'वर' म्हणजे मधल्या अक्षाकडे.

काकांनी हे जुन्या कॅलेंडरच्या पानामागच्या कोऱ्या बाजूवर मांडून दाखवलं. कंपासने एक वर्तुळ, मध्ये बिंदू, त्रिज्येवर '८ किमी' लिहिलेलं, आणि बाजूला खाणीच्या नकाशात काढावेत तसे बारीक, सरळ आकडे. ५० किमीचा घेर ४ मिनिटांत, म्हणजे भिंतीचा वेग ताशी सुमारे ७५० किमी. त्यावरून निघणारं वजन पृथ्वीच्या साधारण ५६ टक्के. इथे काट्यावर ७० किलो भरणारा माणूस तिथे ४० किलोच्याही थोडा खाली भरेल. क्लार्क यांनी दिलेली दोन मापं, एक त्रिज्या आणि एक फेरीचा वेळ, एवढ्यावर बारावीचा कुठलाही विद्यार्थी हे पडताळू शकतो. ते पान खोलीत फिरत गेलं तसे प्रश्नही बदलत गेले. 'काही होत नाही' म्हणणाऱ्या पोराने पहिला खरा प्रश्न विचारला. "मग अगदी मधोमध काय?"

मधोमध वजन शून्य. भिंतीपासून अक्षाकडे जाल तसं ते सरळ प्रमाणात कमी होत जातं. ८ किमीवर ५६ टक्के, ४ किमीवर २८, अक्षावर काहीच नाही. नॉर्टन यांची माणसं आत शिरतात ती नेमकी अक्षावरून, टोकाच्या मध्यातून. तिथून त्यांना ८ किमी खाली उतरायचं असतं, आधी शिडीने आणि मग लांबच लांब जिन्याने. रामटेकच्या गडावर चढताना शेवटच्या पायऱ्या जीव काढतात. इथे सगळं उलट आहे. उतरायला सुरुवात करताना माणूस जवळजवळ तरंगतो, हाताने स्वतःला खाली ढकलावं लागतं. खाली जाल तसं अंगावर वजन चढत जातं. परत येताना पहिल्या पायऱ्या सगळ्यांत जड आणि शेवटच्या पिसासारख्या. पुस्तकातली ती उतरणीची पानं 'नुसता जिना उतरतायत' म्हणून कंटाळवाणी वाटतात, हे मी अनेकांकडून ऐकलंय. पण दर पायरीला 'खाली' हा शब्द थोडा जास्त खरा होत जातोय, हे ध्यानात ठेवून ती पानं पुन्हा वाचा. माणसाचं शरीर एका नव्या जगाचं वजन हळूहळू अंगावर घेतंय, आणि ते जग अजून अंधारात आहे.

फिरण्याचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो चकवतो. रामाच्या जमिनीपासून १०० मीटर उंच मनोऱ्यावरून दगड सोडला तर तो पायथ्याशी पडत नाही. साधारण ११ मीटर बाजूला पडतो. कारण मनोऱ्याचा शेंडा अक्षाच्या जवळ, म्हणून त्याचा वेग जमिनीपेक्षा थोडा कमी. हातातून सुटलेला दगड तो कमी वेग घेऊन सरळ रेषेत जातो, त्याला कुणी खेचत नसतं, आणि तो भिंतीला भिडेपर्यंत जमीन पुढे निघून गेलेली असते. म्हणून तो फिरण्याच्या उलट दिशेला मागे राहतो. शास्त्रात याला कोरिऑलिस परिणाम म्हणतात. पृथ्वीवरही तो आहे, वादळं त्याच्यामुळेच भोवऱ्यासारखी फिरतात, पण पृथ्वीला एका फेरीला दिवस लागतो म्हणून चालता-बोलता जाणवत नाही. रामाला ४ मिनिटं लागतात.

आणि याच नियमातून पुस्तकातलं वादळ येतं. रामा सूर्याच्या जवळ जातो तसं त्याचं कवच तापतं. भिंतीजवळची हवा गरम होऊन अक्षाकडे, म्हणजे वर, सरकू लागते. ती भिंतीबरोबर ताशी ७५० किमीने फिरत असते. आत सरकल्यावर फेरी लहान होते, पण हवेचा आधीचा फिरण्याचा जोर जात नाही, उलट वेग वाढतो. घर्षण बाजूला ठेवून हिशेब केला तर भिंतीपासून अवघा १ किमी वर आलेली हवा तिथल्या फिरण्यापेक्षा ताशी सुमारे २०० किमी जास्त वेगाने धावत असते. मे महिन्यात आपल्याकडे रिकाम्या मैदानावर वावटळ उठते तीही तापलेल्या जमिनीमुळेच. इथे तापणारी जमीन चारी बाजूंनी आहे. कादंबरीत एक शास्त्रज्ञ हे आधीच ओळखतो आणि नॉर्टन यांना माणसं बाहेर काढायला सांगतो. हवा अजून हललेलीही नसते, आणि कागदावरच्या गणितामुळे सगळे जीव मुठीत धरून जिना चढू लागतात. विज्ञानकथेत यापेक्षा थरारक माघार मी तरी क्वचितच वाचली आहे. ज्याला हवेचं हे गणित माहीत नाही, त्याला मात्र ते विनाकारण पळाल्यासारखं वाटतं.

पण काकांचा जीव ज्यात अडकला होता ती जागा वेगळीच. रामाच्या कमरेभोवती पट्ट्यासारखा एक समुद्र आहे, १० किमी रुंद. तो भिंतीवरून वर चढत जाऊन डोक्यावरून फिरून परत येतो, आणि त्याचं पाणी सांडत नाही, कारण त्यालाही तोच फिरण्याचा रेटा आहे. सुरुवातीला तो गोठलेला असतो. पुढे तो वितळतो तो तळापासून, कारण उष्णता बाहेरच्या कवचातून आत येते आणि तळाला आधी पोचते. बर्फावर उभं असताना खालून पाणी होत असेल तर काय, हे आपण समजू शकतो.

माणसं शिरली त्या टोकाला पुस्तकात उत्तर म्हणतात, समोरच्या टोकाला दक्षिण. या समुद्राचे दोन काठ सारखे नाहीत. उत्तरेचा कडा ५० मीटर उंच, दक्षिणेचा ५०० मीटर. पुस्तकात ही नोंद आली तेव्हा काकांनी पान मिटून बोट आत ठेवलं आणि विचार केला, असं त्यांनी सांगितलं. "बांध कुठे उंच घातलाय ते पाहिलं की पाणी कुठून येणार ते कळतं," हे त्यांचं खाणीतलं शिक्षण. पावसाळ्यात खुल्या खाणीत पाणी शिरू नये म्हणून जिकडून लोंढा येईल तिकडचा बांध उंच करतात. मग रामात दक्षिणेकडे पाणी कशाला चढेल? रामा जागच्या जागी फिरत असेपर्यंत चढणार नाही. पण तो उत्तरेच्या दिशेने वेग घेऊ लागला तर तळ पुढे सरकेल, पाणी मागे राहील आणि दक्षिण काठावर रचलं जाईल. म्हणजे बांधणाऱ्यांनी ५०० मीटरचा कडा ठेवला, कारण हे यान एक ना एक दिवस स्वतःच्या ताकदीने चालणार हे त्यांना ठाऊक होतं. जे थडगं वाटत होतं त्याला इंजिन आहे. पुस्तकातली माणसंही हाच निष्कर्ष काढतात. ज्यांनी हे घडवलं त्यांचा चेहरा आपल्याला कधी दिसत नाही, पण त्यांनी पुढचा किती विचार केला होता ते दोन कड्यांच्या उंचीतून दिसतं. माझ्या मते हा या कादंबरीतला सर्वांत मोठा प्रसंग आहे, आणि त्यात ना संवाद आहे, ना पात्र.

इथवर मी काकांच्या बाजूने बोललो. आता दुसऱ्या तटाचं जे खरं आहे ते खरं म्हणायला हवं.

पात्रं पातळ आहेत. नॉर्टन सोडला तर पुस्तक मिटल्यावर बाकीच्यांची नावंही आठवत नाहीत. कुणाच्या मनात खोल उतरणं नाही, कुणी बदलत नाही. 'शोधमोहिमेच्या नोंदवहीत एवढंच असणार' असं समर्थन काही वाचक करतात, आणि त्यात तथ्य आहे. जहाजाचं नावच ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुक यांच्या १७६८ ते १७७१ च्या सफरीतल्या जहाजावरून आलेलं, आणि नॉर्टन यांना कुक यांच्याबद्दल भक्ती. पण आमच्यातल्या इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी इथे जे म्हटलं ते मला कुठल्याही परीक्षणापेक्षा मोलाचं वाटतं. कुक जिथे जिथे उतरले तिथे माणसं राहत होती, आणि त्यांच्यासाठी ती सफर शोध नव्हती. क्लार्क यांनी रामा निर्मनुष्य ठेवला, म्हणून नॉर्टन यांना कुणाचं काही हिरावून न घेता शोधाचा निखळ आनंद घेता येतो. तरीही एका बंद इमारतीला कापून आत शिरायचं ठरतं तेव्हा तो निर्णय नॉर्टन यांना सोपा जात नाही. त्या पानांवर मला तो माणूस क्षणभर जिवंत दिसला. अशी पानं आणखी हवी होती.

दुसरी तक्रार याहून गंभीर आहे. वजनरहित अवस्थेत स्त्रियांच्या शरीराचं काय होतं आणि म्हणून त्यांनी जहाजावर असावं की नाही, असे विचार कमांडरच्या मनात घातलेला एक परिच्छेद या पुस्तकात आहे. आमच्या गटातल्या शिक्षिका काकूंनी तो मोठ्याने वाचून दाखवला आणि खोली गप्प झाली. 'त्या काळी असंच होतं' हे उत्तर कुणीतरी दिलं, पण ते टिकत नाही. व्हॅलेंटिना तेरेश्कोवा १९६३ सालीच एकट्या अवकाशात जाऊन आल्या होत्या, ही कादंबरी येण्याच्या दहा वर्षं आधी. आणि याच पुस्तकात जहाजाची डॉक्टर स्त्री आहे, आपल्या कामात पक्की. ज्या लेखकाने हवेचं आणि पाण्याचं वागणं इतकं बारकाईने पाहिलं, त्याला ती डॉक्टर तेवढ्याच आदराने पाहता आली असती. काकूंचं म्हणणं मला पूर्ण पटतं, आणि तरुण मुलींना हे पुस्तक देताना मी तो परिच्छेद आहे हे आधी सांगतो.

तिसरी तक्रार सगळ्यांत जास्त ऐकू येते. 'शेवटी काहीच उलगडत नाही.' रामा कुणी पाठवला, कशासाठी, यातलं काहीही न सांगता तो सूर्याजवळून जातो आणि निघून जातो. इथे मात्र मी लेखकाच्या बाजूला ठाम आहे, आणि कारण पुन्हा भौतिकशास्त्रात आहे.

रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात आपण ग्रहांच्या कक्षा पाहिल्यात त्या सगळ्या बंद असतात. ग्रह फिरून त्याच वाटेवर येतो. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किमी वेगाने फिरते. हाच वेग इथे, सूर्यापासून एवढ्याच अंतरावर, सेकंदाला ४२ किमीच्या वर असता तर सूर्य तिला धरून ठेवू शकला नसता. दुसऱ्या ताऱ्याकडून येणारी वस्तू मुळातच शिलकीतला वेग घेऊन आलेली असते. सूर्याकडे पडताना तिचा वेग वाढतो, दूर जाताना तेवढाच घटतो, आणि शेवटी ती मूळची शिल्लक हातात उरतेच. तिची वाट सूर्याभोवती वळते पण कधी मिटत नाही. भूमितीत तिला अपास्त म्हणतात. अशी वस्तू एकदाच येते. इंजिन नसलं तरी थांबत नाही, आणि पाहणाऱ्याला ठरावीक दिवसच मिळतात. एंडेव्हरलाही सूर्याची धग सोसवेनाशी होण्याआधी निघावं लागतं. अडीच हजार चौरस किमी जमीन काही आठवड्यांत कुणी समजून घेऊ शकत नाही. लेखकाने सगळी उत्तरं दिली असती तर त्याला या वाटेशी खोटं वागावं लागलं असतं.

कादंबरी आली तेव्हा अशी एकही वस्तू कुणी पाहिलेली नव्हती. १९ ऑक्टोबर २०१७ रोजी हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीला पहिली सापडली. ती ९ सप्टेंबरलाच सूर्याच्या सर्वांत जवळून जाऊन आली होती. म्हणजे दिसली तेव्हा पाहुणा परतीच्या वाटेला लागलेला. लांबुळकी आणि गरगर फिरणारी ती वस्तू पाहून अनेकांना हीच कादंबरी आठवली, आणि अधिकृत नाव ठरण्याआधी 'रामा' हे नावही सुचवलं गेलं. पुढे हवाई भाषेतलं 'ओमुआमुआ' हे नाव पडलं. रेडिओ दुर्बिणींनी तिच्याकडे कान लावले, काही ऐकू आलं नाही. हार्वर्डचे अवी लोएब यांनी ती कृत्रिम असू शकते असा मुद्दा मांडला, पण बहुतेक खगोलशास्त्रज्ञ ती नैसर्गिक मानतात. पाठलाग करायचा म्हटलं तरी जमण्यासारखं नव्हतं. सूर्यापासून फार दूर गेल्यावरही तिचा वेग सेकंदाला सुमारे २६ किमी उरतो, आणि आपण सोडलेलं व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किमीने चाललंय. काही महिन्यांत ती हबल दुर्बिणीच्याही नजरेआड गेली. खऱ्या आयुष्यातही शेवटी फारसं काही उलगडलं नाही.

दुसरा पाहुणा २०१९ मध्ये आला, बोरिसोव्ह, सरळसरळ धूमकेतू. तिसरा, ३आय/ॲटलास, १ जुलै २०२५ रोजी चिलीतल्या दुर्बिणीने टिपला. तोही धूमकेतूच. त्या वेळी आपल्याकडे व्हॉट्सॲपवर 'परग्रहवासीयांचं यान' म्हणून जे फिरलं त्याने घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. युरोपीय अवकाश संस्था कॉमेट इंटरसेप्टर नावाचं यान बनवते आहे. ते आधी अवकाशात जाऊन थांबेल आणि योग्य पाहुणा दिसला की त्याच्याकडे निघेल. एंडेव्हर योगायोगाने जवळ होतं. हे यान मुद्दाम वाट पाहत बसणार आहे.

या पुस्तकाचा एक परिणाम मात्र आधीच घडून गेलाय, आणि विदर्भातल्या माणसाला तो जास्त कळावा. कादंबरीच्या सुरुवातीला २०७७ साली उत्तर इटलीवर एक अशनी कोसळतो, शहरं नष्ट होतात, आणि असं पुन्हा घडू नये म्हणून आकाशावर पहारा ठेवणारी 'स्पेसगार्ड' यंत्रणा उभी राहते. रामा याच यंत्रणेला दिसतो. १९९२ मध्ये नासाने पृथ्वीजवळच्या लघुग्रहांच्या शोधाचा आराखडा तयार केला तेव्हा त्या सर्वेक्षणाला हेच नाव दिलं. बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणारला गेलेल्या कुणालाही त्या पहाऱ्याची गरज समजावून सांगावी लागत नाही. बेसॉल्टसारख्या कठीण काळ्या दगडात सुमारे १.८ किमी व्यासाचा खड्डा, आणि तो करणारा दगड त्यामानाने कितीतरी लहान. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाच्या डार्ट यानाने डायमॉर्फोस या लहानशा लघुग्रहावर मुद्दाम धडक दिली आणि तो ज्या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो त्याच्याभोवतीचा त्याचा फेरीचा वेळ अर्ध्या तासाहून जास्त कमी केला. येणाऱ्या दगडाची वाट बदलता येते, हे तेव्हा पहिल्यांदा करून दाखवलं गेलं.

राहिला पुढच्या भागांचा प्रश्न, कारण गटात तो प्रत्येक वेळी निघतो. १९८९, १९९१ आणि १९९३ मध्ये आणखी तीन कादंबऱ्या आल्या, जेन्ट्री ली या सहलेखकाबरोबर लिहिलेल्या. पहिल्या भागात नाही म्हणून ज्याची तक्रार होते ते सगळं त्यांत आहे. कुटुंबं आहेत, भांडणं आहेत, प्रेम आणि फसवणूक आहे, आणि बरीच उत्तरंही आहेत. तरीही पहिली कादंबरी मनापासून आवडलेले बरेच वाचक त्यांच्यावर नाराज असतात. काकांनी दुसरा भाग अर्ध्यावर सोडला. त्यांचं म्हणणं, जागा पाहायला मिळेना, माणसंच मध्ये येत होती. बी.कॉम.च्या पोराने मात्र तो तीन रात्री जागून संपवला, आणि आता पहिला पुन्हा वाचायला घेतलाय. काकांचं ते कॅलेंडरचं पान तो त्यांच्याकडून मागून घेऊन गेलाय.